तंजावरच्या मराठी पूर्वजांचा शोध : शिरगणती आणि मोडी दप्तर

तंजावर परिसरातील खेड्यांत स्थायिक झालेल्या मराठी पूर्वजांचा माग घेणाऱ्यांची पहिली भिस्त बहुधा जुन्या जनगणनेवर असते. तेथे मात्र नाव सापडत नाही. मद्रास इलाख्यात 1871 मध्ये आणि देशभर एकाच वेळी 1881 मध्ये शिरगणती झाली. घरोघरच्या याद्यांवरून कोष्टके छापली गेली. याद्या जतन झाल्या नाहीत. 1948 च्या जनगणना कायद्यानुसार तर वैयक्तिक नोंदी पाहण्यास खुल्याच नाहीत. जिल्ह्यात मराठी बोलणारे किती, एवढे अहवालांतून कळते. पणजोबा त्या आकड्यात आहेत, पण निनावी.

नावासाठी मोडीकडे वळावे लागते. 1855 मध्ये खालसा झालेल्या भोसले राज्याचे मोडी कागद सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. घराण्याकडे इनाम जमीन असल्यास 1858 मध्ये नेमलेल्या मद्रास इनाम कमिशनच्या नोंदवह्या अधिक उपयुक्त ठरतात. त्यांत गाव, क्षेत्र आणि इनामदाराचे नाव असते. शोधापूर्वी गावाचे नाव निश्चित करणे अगत्याचे, कारण येथील अनेक कुटुंबांत आडनाव मागे पडून नुसते ‘राव’ उरले आहे. खरी अडचण वेगळीच आहे : मोडी वाचणारे आता मोजकेच राहिले आहेत.