वाढीव सेवेचा लेखी करार

इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा प्राथमिक उपचार मुख्यत्वे स्वतंत्र दवाखान्यांशी करार करून पुरविते. २००४ च्या करारात मूलभूत व वाढीव सेवा वेगळ्या मांडल्या गेल्या. किरकोळ शस्त्रक्रिया, रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांवरील रुग्णांची नियमित तपासणी अशा वाढीव कामांना स्वतंत्र मोबदला ठरला. ती स्वीकारण्याची सक्ती दवाखान्यांवर नव्हती. २००५ मध्ये औषधविक्रेत्यांच्या करारातही अशीच विभागणी आली. मात्र २०१३ मध्ये हे करार करणाऱ्या स्थानिक संस्थाच बरखास्त झाल्या आणि धूम्रपानमुक्तीसारखी कामे नगरपरिषदांकडे गेली.

आपल्या वैद्यांना व औषधालयांना शिबिरांसाठी पाचारण होते, तेव्हा काम, मोबदला, मुदत आणि संस्था बदलल्यास दायित्व कोणाचे, हे लेखी असावे, असे आम्हास वाटते. त्याने सेवाभाव उणावत नाही, सेवा टिकते.