वही उघडावी ती घरी परतल्यावर

कर्जत-खालापूरकडच्या एखाद्या वाडीतलं तान्हं बाळ अत्यवस्थ झालं की आधी उपजिल्हा रुग्णालय आणि तिथून चिठ्ठी मिळाली की अलिबाग, पनवेल नाहीतर थेट मुंबईत परळचं वाडिया रुग्णालय, अशी धावाधाव सुरू होते. बाळ काचेच्या पेटीत, आई बाहेरच्या बाकावर, बाप औषधांच्या रांगेत. पुढे बाळ बरं होऊन घरी येतं आणि सगळ्यांच्या लेखी आजारपण संपतं. आईवडिलांचा ताण मात्र पुष्कळदा इथूनच डोकं वर काढतो. झोपलेल्या बाळाच्या नाकाशी पुन्हापुन्हा बोट धरून श्वास पाहणं, अँब्युलन्सच्या आवाजाने हातपाय गार पडणं. अशा पालकांनी मनातलं वहीत लिहावं, हा सल्ला शास्त्राला धरून आहे. पण माझ्या मते त्याचं निम्मं यश वेळेवर अवलंबून आहे आणि ती वेळ आहे घरी परतल्यानंतरची.

या संशोधनाची सुरुवात १९८६ साली अमेरिकेत झाली. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी काही विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. ज्यांनी घटनेसोबत भावनाही मांडल्या, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. २००६ साली अशा १४६ अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला गेला, तेव्हा फायदा खरा पण लहान निघाला. तो लहान आहे हे लपवू नये. आपल्या विषयाशी थेट जोडलेला अभ्यास २००१ सालचा आहे. बाळं अतिदक्षता विभागातून घरी येऊन काही महिने झालेल्या ३८ आयांवर तो झाला आणि लिहिणाऱ्यांचा मानसिक त्रास कमी झाला. याउलट फ्रान्समधल्या ३५ अतिदक्षता विभागांत परिचारिका आणि नातेवाईक रुग्णाच्या उशाशीच रोजनिशी लिहीत होते. रुग्ण प्रौढ होते, हे खरं. पण २०१९ साली आलेल्या निष्कर्षात आघातोत्तर ताणात लक्षणीय घट दिसली नाही. मला यात संगती दिसते. लिहिताना ज्यांच्या मजकुरात ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आता कळतंय’ असे शब्द वाढत जातात, त्यांना जास्त फायदा होतो, असं पेनेबेकर यांना आढळलं होतं. बाळाचं काय होणार हेच ठाऊक नसताना हे शब्द येणार कुठून? वॉर्डात असताना वहीत बाळाचं वजन, नळीतून दिलेलं दूध आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहावेत, तेवढंच पुरे.

लिहिल्याने जखम उकरली जाते, हा आक्षेप अगदीच खोटा नाही. लिहून उठल्यावर मन आधी जड होतंच. सुधारणा दिसते ती पुढच्या आठवड्यांत. म्हणून सक्ती नको आणि वही दुसऱ्याने वाचायची नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ठाकूर-कातकरी वाड्यांतल्या ज्या आयांच्या हाती लेखणी आलीच नाही, त्यांनी काय करायचं? १९९४ सालच्या प्रयोगांत टेपरेकॉर्डरसमोर एकट्याने बोलणाऱ्यांनाही लिहिणाऱ्यांसारखाच लाभ दिसला. ते काम आज साधा मोबाइल करतो. आशाताई नवजात बाळासाठी ४२ दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येतातच. वजनाची नोंद घेताना आईच्या झोपेचीही चौकशी त्यांनी करावी आणि रुग्णालयांनी डिस्चार्ज कार्डासोबत एक कोरी वही द्यावी. मात्र झोप उडाली असेल, बाळाजवळ जावंसं वाटत नसेल किंवा जीव नकोसा झाला असेल, तर वहीवर विसंबू नका. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.