द फेअरी फेलर्स मास्टर-स्ट्रोक

द फेअरी फेलर्स मास्टर-स्ट्रोक हे इंग्लिश चित्रकार रिचर्ड डॅड (१८१७–१८८६) यांचे परीविश्वावरील अपूर्ण तैलचित्र असून ते लंडनच्या टेट संग्रहात आहे. १८४३ मध्ये मनोविकाराच्या भरात डॅड यांनी वडिलांची हत्या केली. पुढे बेथलेम रुग्णालयात असताना त्यांनी १८५५ ते १८६४ या काळात हे चित्र रंगविले.

प्रतीके

चित्राच्या मध्यभागी पाठमोरा लाकूडतोड्या कुऱ्हाड उगारून उभा आहे. परीराणी मॅबच्या रथासाठी त्याला एकाच घावात कठीण कवचाचे फळ फोडायचे आहे. समोरचा शुभ्र दाढीचा, मुकुटधारी वृद्ध हात उंचावून त्याला थोपवितो. हा वृद्ध अधिकाराचे, तर न फुटलेले फळ अपूर्णतेचे प्रतीक मानता येते.

भाववृत्ती

चित्र जेमतेम ५४ × ३९ सेंमी आहे. अग्रभागी आडव्या आलेल्या गवतकाड्यांमुळे प्रेक्षकाला आपण लपून पाहत असल्याचा भास होतो. सभोवतालचे इवलेसे जीव घाव पडण्याची वाट पाहत स्तब्ध आहेत. परीकथेतील आनंदाऐवजी येथे गोठलेला ताण जाणवतो.

उगारलेल्या कुऱ्हाडीत पितृहत्येचा पडसाद शोधण्याचा मोह होतो. परंतु ती हत्या सुरीने झाली होती. शिवाय १८६५ मधील आपल्या दीर्घ कवितेत डॅड यांनी या पात्रांची ओळख परीविश्वातील व्यक्ती म्हणूनच करून दिली आहे. त्यामुळे चरित्राचा आधार घेतानाही अर्थ प्रथम चित्रातच शोधावा लागतो.