रेप्लिकेशन असताना बॅकअप कशासाठी?

मोठ्या संस्थांच्या संगणकव्यवस्थेबद्दल सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज असा की, डेटा एकाच वेळी दोन ठिकाणी लिहिला जात असेल तर वेगळ्या बॅकअपची गरज उरत नाही. मुख्य डिस्क अ‍ॅरेवर, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून केलेल्या साठवण यंत्रणेवर, होणारी प्रत्येक नोंद दुसऱ्या अ‍ॅरेवर जशीच्या तशी उतरवणे याला रेप्लिकेशन म्हणतात. परंतु योग्य नोंद कोणती आणि चुकीची कोणती हे या क्रियेला कळत नसल्यामुळे, एखादा तक्ता चुकून पुसला गेला की दुसरीकडची प्रतही पाठोपाठ पुसली जाते. यंत्र बिघडले किंवा इमारतीत पाणी शिरले तर रेप्लिकेशन तारते, मात्र माणसाच्या चुकीपासून आणि घातपातापासून वाचवते ती मागील एखाद्या क्षणाची, मूळ यंत्रणेपासून तोडून ठेवलेली प्रत. बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या, अनेक डिस्क एकत्र वापरणाऱ्या ‘रेड’ रचनेलाही हेच लागू पडते, कारण ती डिस्क निकामी झाल्यावर काम चालू ठेवते, पुसलेले परत आणत नाही.

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक प्रोग्रॅमने डेन्मार्कच्या मर्स्क या जहाजकंपनीचे नेटवर्क उद्ध्वस्त केले, तेव्हा न्हावा-शेवा बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही कोलमडले. नेटवर्कवर कोणाला कोणता अधिकार आहे याची नोंद ठेवणारे कंपनीचे सुमारे १५० डोमेन कंट्रोलर एकमेकांच्या प्रती सांभाळत असल्याने प्रत्येक जण दुसऱ्याचा बॅकअप मानला गेला होता. ते सारे एकदम गेले. वाचला तो घानामधला एक, कारण वीज गेल्याने तो त्या वेळी नेटवर्कपासून तुटलेला होता. इतकी मोलाची अलिप्तता योगायोगावर सोडणे कोणत्याही संस्थेला परवडणारे नाही.

दूरच्या केंद्रावरही एका नोंदीचीही हानी न होता रेप्लिकेशन सहज शक्य आहे, हा समजही टिकत नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते चेन्नई हे सरळ रेषेतील सुमारे १,००० किलोमीटर अंतर जाऊन-येऊन कापायला किमान १० मिलिसेकंद लागतात, आणि पोच येईपर्यंत थांबणाऱ्या समकालिक पद्धतीत प्रत्येक नोंदीला तेवढा विलंब सोसावा लागतो. म्हणून जवळच्या केंद्राशी समकालिक आणि दूरच्याशी थोडी मागे राहणारी असमकालिक पद्धत वापरली जाते.

स्नॅपशॉट, म्हणजे डेटाच्या एका क्षणाच्या स्थितीची नोंद, घेतला की बॅकअप झाला, हा समजही अपुरा आहे. तो क्षणात तयार होतो, कारण तो बहुधा डेटाची नक्कल न करता त्या क्षणी कोणता ब्लॉक, म्हणजे डेटाचा तुकडा, कुठे होता एवढेच टिपतो. न बदललेले ब्लॉक मूळ डेटाशी सामाईक राहत असल्याने अ‍ॅरे नष्ट झाला तर तोही जातो. ३१ जानेवारी २०१७ रोजी सॉफ्टवेअरचा कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅब या कंपनीचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा नेहमीचे बॅकअप डेटाबेस सॉफ्टवेअरच्या आवृत्तीतील विसंगतीमुळे तयारच होत नव्हते असे आढळले. सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेल्या एका स्नॅपशॉटमधील डेटा चाचणीच्या सर्व्हरवर उतरवलेला होता, म्हणून तो उपयोगी पडला; त्यानंतरच्या नोंदी मात्र गेल्याच, आणि तो डेटा संथ डिस्कवरून परत आणायला सुमारे १८ तास लागले.