औषधी बिया व त्यांवरील संस्कार

पुणे शहरात मंडईच्या परिसरातील काष्ठौषधींच्या दुकानांत मोहरी, गुंजा व बिब्बे एकाच छपराखाली विकले जातात. परंतु बी औषधी आहे एवढे जाणणे पुरेसे नाही. ते कोणत्या रीतीने सिद्ध केले, यावर त्याचा गुण वा अवगुण ठरतो. संस्काराने द्रव्याच्या गुणांत पालट होतो, हा विचार चरकसंहितेतही आढळतो.

याचे उदाहरण घरोघरी पाहावयास मिळते. मोहरी थंड पाण्यात फेसली की नाकात चढते. तीच तापल्या तेलात तडतडली की सौम्य होते. कोरड्या मोहरीत तिखट तेल तयार नसते. बी वाटून ओले केल्यावर त्यातील विकराच्या क्रियेने ते उत्पन्न होते आणि कडक उष्णतेने हे विकर निकामी होते. म्हणूनच मोहरीचे पोटीस उकळत्या पाण्यात कालवीत नाहीत.

गुंजेत ॲब्रिन नावाचे जहाल प्रथिन असते. तेही उष्णतेने नाश पावते. वैद्यशास्त्रात गुंजांची पुरचुंडी दोलायंत्रात टांगून दुधात अथवा कांजीत एक प्रहर, म्हणजे तीन तास, शिजवितात. कच्ची गुंज फोडून वा चावून पोटात गेल्यास मनुष्य व जनावर दोघांच्याही जिवावर बेतते.

बिब्ब्याची गोष्ट निराळी आहे. त्याच्या टरफलातील तेल कातडीवर फोड आणते. म्हणून शोधनात बिब्बे विटेच्या चुऱ्यात घोळून ते तेल शोषून घेतात व नंतर धुतात. त्याच बिब्ब्यातील गर, म्हणजे गोडंबी, हिवाळ्यातील लाडवांत आवडीने खाल्ली जाते.

तात्पर्य, प्रत्येक विषाचा स्वभाव वेगळा व त्यावरील उपायही वेगळा. गुंज, बिब्बा, कुचला व धोत्रा यांची गणना १९४५ च्या औषधविषयक नियमांतील विषारी द्रव्यांच्या यादीत केलेली आहे. त्यांचे शोधन घरी करू नये. ते काम जाणत्या वैद्यावर सोपवावे.

शेतकरी बंधूंनी अशा बिया धान्यापासून अलग, नाव लिहिलेल्या डब्यात, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. पेरणीतून उरलेले, बुरशीनाशक चोळलेले मेथी वा मोहरीचे बियाणे धुऊनही खाण्यास वा औषधास वापरू नये. कोणी गुंज चावल्याचे कळताच, लक्षणे दिसण्याची वाट न पाहता, त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. या विषाची लक्षणे पुष्कळदा काही तासांनी प्रकट होतात.