जादूचे प्रयोग (बालरंजन)

लहान मुले आणि त्यांच्यासोबत आलेले कुटुंबीय यांच्यापुढे करमणुकीसाठी केल्या जाणाऱ्या हातचलाखीच्या सादरीकरणास महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे 'जादूचे प्रयोग' असे म्हणतात. शाळा, वाढदिवस, गणेशोत्सव, स्नेहसंमेलने व उन्हाळी शिबिरे ही या प्रयोगांची नेहमीची ठिकाणे होत. नाट्यगृहातील भव्य मायाजालाच्या तुलनेत हा प्रकार आकाराने लहान असला, तरी तो सोपा नाही. मुलांना फसवणे मोठ्यांना फसवण्यापेक्षा अनेकदा अवघड असते आणि फसवून झाल्यावर त्यांना काय सांगायचे, हा प्रश्न तर त्याहूनही अवघड असतो.

संज्ञा

'जादू' हा शब्द मराठीत फारसीतून आला. संस्कृतमध्ये यासाठी 'इंद्रजाल' हा शब्द आहे. 'नजरबंदी' या शब्दात पाहणाऱ्याचे डोळे कोणत्या तरी शक्तीने बांधले गेल्याची कल्पना आहे, तर 'हातचलाखी' या शब्दात सारे श्रेय हाताच्या कसबाला दिलेले आहे. अडचण अशी, की करमणुकीच्या 'जादू'तला आणि 'जादूटोणा' या जोडशब्दातला शब्द एकच आहे. मुलांसमोर उभा राहणारा कलावंत स्वतःला 'जादूगार' म्हणवतो, तेव्हा या दोन्ही अर्थांची छाया त्याच्यावर पडलेली असते.

पार्श्वभूमी

गारुडी, मदारी व डोंबारी यांचे रस्त्यावरील खेळ हा या कलेचा जुना आधार आहे. उपड्या वाट्यांखालून गोळ्या नाहीशा करणे, टोपलीत बसलेले मूल अदृश्य करणे, मातीत पुरलेल्या कोयीपासून काही वेळात आंब्याचे रोप उगवून दाखवणे हे खेळ गावोगाव होत असत. एकदा रिकामे करून ठेवलेले भांडे पुन्हापुन्हा पाण्याने भरलेले दाखवण्याचा खेळ युरोप-अमेरिकेतील जादूगारांनी उचलला आणि त्यांच्या साहित्याच्या यादीत 'लोटा' हा शब्द जसाच्या तसा जाऊन बसला. या भांड्याला आत एक छुपा कप्पा असतो. दोन्ही कप्प्यांतील पाणी समान पातळीवर येऊ पाहते, एवढ्या एका नियमावर सारा खेळ उभा आहे.

रस्त्यावरचा खेळिया आणि रंगमंचावरचा जादूगार यांच्यातील दरी मात्र कायद्याने रुंदावली. मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियम, १९५९ मध्ये 'भीक मागणे' याच्या व्याख्येत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा खेळ करणे अशा निमित्ताने सार्वजनिक जागी पैसे मागण्याचाही समावेश आहे. ज्यांच्याकडून ही कला रंगमंचावर आली, त्यांची उपजीविका अशा रीतीने गुन्ह्याच्या कक्षेत आली.

रंगमंचावरील भारतीय जादूला आधुनिक रूप देण्यात बंगालमधील पी. सी. सरकार (१९१३–१९७१) यांचा वाटा मोठा होता. फेटा व शेरवानी असा त्यांचा राजेशाही वेश पुढे देशभरातील जादूगारांनी उचलला आणि तालुक्याच्या गावातील शाळेत येणारा जादूगारही पुष्कळदा त्याच थाटात येतो. मराठी प्रेक्षकांत पुण्याचे जादूगार रघुवीर, म्हणजे रघुवीर भोपळे (१९२४–१९८४), हे नाव घराघरांत पोचले. त्यांचे पुत्र विजय रघुवीर आणि नातू जितेंद्र रघुवीर यांनी ही परंपरा तीन पिढ्यांपर्यंत नेली.

बालप्रेक्षकांचे वैशिष्ट्य

हातचलाखीचा पाया म्हणजे लक्ष वळवणे. जादूगार जिकडे पाहतो तिकडे प्रौढ प्रेक्षक पाहतो; तो प्रश्न विचारतो तेव्हा प्रेक्षक त्याच्या चेहऱ्याकडे बघतो आणि नेमक्या त्याच क्षणी हात आपले काम उरकतो. हा सारा व्यवहार सभ्यतेच्या संकेतांवर चालतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला हे संकेत पुरते अंगवळणी पडलेले नसतात. त्याला हवे तिकडे ते पाहते आणि काही दिसले तर ओरडून सांगते. शिवाय मुले बहुधा पुढे सतरंजीवर बसतात. खुर्चीवरून न दिसणारा तळहाताचा भाग त्यांना खालून दिसतो. म्हणून मोठ्यांपुढे बिनचूक होणारा नाण्याचा खेळ मुलांपुढे उघडा पडू शकतो.

वयाप्रमाणे आश्चर्याचे स्वरूपही बदलते. तीन-चार वर्षांच्या मुलाला जगातील बहुतेक गोष्टी नव्या असतात. रुमाल नाहीसा होणे त्याला बटण दाबून दिवा लागण्याइतकेच साधे वाटू शकते. काय अशक्य आहे हे ठाऊक असल्याशिवाय अशक्य गोष्टीचे नवल वाटत नाही. त्यामुळे या वयात रंग, गाणे, नक्कल आणि जादूगाराची फजिती यांवर भर दिला जातो. कांडी जादूगाराच्या हातात ताठ राहते व मुलाच्या हाती देताच मोडून लोंबते, किंवा जादूगाराच्या पाठीमागे काहीतरी घडते आणि ते त्याच्याखेरीज सर्वांना दिसते. अशा वेळी होणारा आरडाओरडा हाच प्रयोगाचा खरा गाभा असतो. आठ ते बारा वर्षांची मुले मात्र पकडण्यासाठीच बसलेली असतात. त्यांच्यासाठी मुद्दाम चुकीचा सुगावा देणारे खेळ असतात: 'दुसऱ्या हातात आहे' असे मुले ओरडतात, दुसरा हात उघडला जातो आणि तोही रिकामा निघतो.

मंचावर बोलावलेल्या मुलाची थट्टा करून हशा मिळवणे सोपे असते. कोपराला नरसाळे लावून मुलाच्या अंगातून पाणी काढण्याचा जुना खेळ नीट केला तर ते मूल नायक ठरते, वाईट केला तर वर्गात महिनाभर त्याची टिंगल होते. जाणता जादूगार ओळखायचा तो येथे.

शालेय प्रयोग

मोठ्या शहरांबाहेर या व्यवसायाचा मुख्य आधार शाळा हाच आहे. कोल्हापूरपासून सुमारे ५० किलोमीटरवरील गारगोटी हे भुदरगड तालुक्याचे मुख्य ठिकाण, शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये येथे मौनी विद्यापीठ उभे राहिले आणि ग्रामीण शिक्षणाचे केंद्र म्हणून गाव ओळखले जाऊ लागले. अशा गावात आणि त्याभोवतीच्या वाड्यावस्त्यांवर प्रयोग करायचा तर तो एका-दोघांनी, बॅगेत मावेल एवढ्या साहित्यावर, वर्गाच्या व्हरांड्यात किंवा मैदानातही होईल असा बांधावा लागतो. पाठीमागे पडदा नसतो, मुले तिन्ही बाजूंनी बसतात, वाऱ्याने रुमाल उडतात. पेटीत माणूस कापण्याचे खेळ येथे बाद होतात. दोर, रुमाल, कड्या, वर्तमानपत्र आणि पत्ते उरतात. शाळांची मागणी स्नेहसंमेलनांच्या हंगामात, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, एकवटलेली असते.

चमत्कार आणि हातचलाखी

नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्तेही शाळांत असेच खेळ करतात. हेतू मात्र वेगळा. जिभेवर कापूर जाळणे, लिंबातून 'रक्त' काढणे, मंत्राने अग्नी पेटवणे हे बुवाबाजीतील प्रकार करून दाखवून त्यामागील कारण लगेच सांगितले जाते. मिथिल ऑरेंज लावलेल्या सुरीने लिंबू कापले की आम्लामुळे रस लाल होतो. तूप म्हणून ओतलेले ग्लिसरीन पोटॅशियम परमँगनेटवर पडले की काही क्षणांत ज्वाला उठते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच राज्यात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला व डिसेंबर २०१३ मध्ये त्याचा कायदा झाला. तथाकथित चमत्कार करून पैसा मिळवणे आणि त्यांच्या प्रचाराने लोकांना फसवणे वा घाबरवणे यांसाठी या कायद्यात सहा महिने ते सात वर्षे कारावास व दंडाची तरतूद आहे.

व्यावसायिक जादूगारापुढे यातून एक पेच उभा राहतो. रहस्य न फोडणे हा त्याच्या धंद्याचा पहिला नियम. रहस्य फोडणे हा प्रबोधनाचा पहिला नियम. बरेच जण मधला मार्ग काढतात. आपल्यापाशी कोणतीही दैवी शक्ती नाही, हे सारे सरावाचे काम आहे, असे ते आरंभीच सांगतात. बुवांच्या वापरातील एखाद-दुसरा प्रकार उलगडून दाखवतात आणि उरलेले खेळ झाकून ठेवतात. मात्र हे निवेदन चार शब्दांत उरकले गेले, तर पहिल्या रांगेतील लहान मुलाच्या मनात ते राहत नाही. त्याच्या लक्षात राहतो तो हवेतून निघालेला अंगारा. म्हणून काही जादूगार मुलांपुढे अंगारा, लिंबू, नारळ यांचा वापर निव्वळ करमणुकीसाठी करणे टाळतात.

हा संघर्ष महाराष्ट्रापुरता नाही. चेटूक ही कल्पना खोडण्यासाठी रेजिनाल्ड स्कॉट याने १५८४ मध्ये इंग्लंडमध्ये लिहिलेल्या ग्रंथात हातचलाखीची रहस्ये दिली आहेत. १८५६ मध्ये फ्रेंच सरकारने जादूगार रॉबेर-हूदँ यास अल्जीरियात पाठवले, ते तेथील धर्मपुरुषांचा प्रभाव मोडण्यासाठी. अर्थात त्या मोहिमेमागे विवेकापेक्षा वसाहतीचा स्वार्थ अधिक होता.

प्राण्यांचा वापर

टोपीतून ससा किंवा कबुतर काढणे ही जादूगाराची सर्वपरिचित प्रतिमा असली, तरी आता ती दुर्मीळ होत आहे. पोपट, मुनिया व साप यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. पाळीव ससे व कबुतरे प्रयोगात वापरायची असल्यास २००१ च्या नियमांनुसार नोंदणी करावी लागते. त्यामुळे जिवंत सशाची जागा स्पंजच्या सशांनी घेतली आहे. मुठीत दाबलेले दोन ससे मुलाच्या मुठीत जातात आणि मूठ उघडताच पिल्लांसह बाहेर पडतात. जादू मुलाच्या स्वतःच्या हातात घडत असल्याने हा खेळ टोपीतल्या सशापेक्षा अधिक परिणामकारक ठरतो.