भूगोलाचे उच्च शिक्षण आणि व्यवसायाच्या वाटा

२६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच चोवीस तासांत कुलाबा वेधशाळेतील नोंद पंच्याहत्तर मिलिमीटरही भरली नाही. शहराच्या दक्षिण टोकाला एरवीसारखाच पावसाळी दिवस होता आणि उपनगरांत मात्र कुर्ला, कालिना परिसर पाण्याखाली गेला, साकीनाक्याजवळ दरड कोसळून अनेकांचे प्राण गेले. एकाच शहरात एवढा फरक का पडावा? डोंगरावरून उतरणारे पाणी कोणत्या सखल भागात साचते? मिठी नदीचे पात्र कोठे अरुंद झाले? भरतीच्या वेळी पाण्याचा निचरा का थांबतो? आणि धोक्याच्या उतारावर माणसे घरे का बांधतात? यांतील काही प्रश्न निसर्गाचे आहेत, तर काही मानवी वस्तीचे. या दोहोंचा एकत्रित विचार करणारे शास्त्र म्हणजे भूगोल होय.

असे असूनही आपल्याकडे भूगोलाची ओळख बहुधा शालान्त परीक्षेतील चाळीस गुणांची प्रश्नपत्रिका एवढीच असते. देश, राजधान्या, नद्या आणि पिके यांची नावे पाठ करावयाची आणि नकाशात ठिपके भरावयाचे, की विषय संपला! बारावीनंतर अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथील एखाद्या विद्यार्थ्याने भूगोल हा मुख्य विषय घेण्याचा विचार बोलून दाखविला, तर घरातून पहिला प्रश्न येतो तो ‘त्याचा पुढे उपयोग काय?’ हा. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देणाऱ्या शिक्षकाजवळ आणि पालकांजवळ मात्र नेमकी माहिती असावयास हवी.

विद्यापीठातील भूगोल

मुंबईत भूगोलाभ्यासाची परंपरा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात येथे ‘बॉम्बे जिऑग्राफिकल सोसायटी’ कार्य करू लागली आणि १८७३ मध्ये ती रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत विलीन झाली. पुढे प्रा. चं. धुं. देशपांडे यांनी १९४८ मध्ये पश्चिम भारताच्या प्रादेशिक भूगोलावर ग्रंथ प्रसिद्ध करून या प्रदेशाच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया भक्कम केला. आज मुंबई विद्यापीठाचा भूगोल विभाग कालिना येथील विद्यानगरी परिसरात, म्हणजे उपनगर जिल्ह्यातच आहे.

पदवीच्या अभ्यासक्रमात प्रारंभी भूरूपे, हवामान आणि सागर यांचा प्राकृतिक भूगोल शिकविला जातो. त्यानंतर लोकसंख्या, वसाहती, शेती, उद्योग आणि वाहतूक यांचा मानवी व आर्थिक भूगोल येतो. याच्या जोडीला नकाशाशास्त्र, सांख्यिकी, क्षेत्र-अभ्यास आणि अलीकडे सुदूर संवेदन व भौगोलिक माहिती प्रणाली (जीआयएस) असे प्रात्यक्षिकाचे विषय असतात. ही प्रणाली म्हणजे संगणकावरील थरांचा नकाशा. जमिनीचा उतार, नाले, रस्ते, घरे आणि लोकसंख्या यांचे थर एकावर एक ठेवले म्हणजे पुराचे पाणी किती घरांपर्यंत पोचेल किंवा कोणत्या वस्तीपासून दवाखाना दूर आहे, हे दिसू लागते. पदवीधराला पुढे रोजगार मिळवून देण्यात या प्रात्यक्षिक भागाचा वाटा मोठा असतो, आणि नेमक्या याच भागाकडे अनेक विद्यार्थी दुर्लक्ष करतात.

घराबाहेरची प्रयोगशाळा

रसायनशास्त्राला प्रयोगशाळा लागते, तशी ती भूगोलालाही लागते. उपनगरांतील विद्यार्थ्याला ती उंबरठ्याबाहेरच उपलब्ध आहे. अंधेरीतील गिल्बर्ट हिल ही सुमारे साठ मीटर उंचीची, उभ्या स्तंभांच्या काळ्या बेसाल्ट खडकाची टेकडी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या कालखंडाची साक्ष देते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेण्यांत खडकात कोरलेली पाण्याची टाकी पाहिली म्हणजे पावसाचे पाणी साठविण्याची प्राचीन दृष्टी ध्यानात येते. याच डोंगराळ भागात १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी हे तलाव शहराला पाणी पुरविण्यासाठी बांधले गेले. विहार आणि पवई तलावांच्या ओसंडणाऱ्या पाण्यातून निघणारी मिठी नदी सुमारे अठरा किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीला मिळते. तिच्या काठाने एकदा चालत गेलेल्या विद्यार्थ्याला ‘नागरीकरणाचे परिणाम’ हे प्रकरण पाठ करावे लागत नाही.

मानवी भूगोलासाठीही हा प्रदेश तितकाच बोलका आहे. साष्टी बेटावरील गावे १९५० मध्ये जोगेश्वरी व भांडुपपर्यंत, तर १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत बृहन्मुंबईत समाविष्ट झाली. १९९० मध्ये मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ९३ लाखांहून अधिक भरली. भाताची शेते, कोळीवाडे आणि गावठाणे यांच्या भोवती कारखाने आले. पुढे घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात लालबहादूर शास्त्री मार्गावरील अनेक कारखान्यांच्या जागी गृहसंकुले उभी राहिली. जमिनीच्या वापरातील असा बदल दोन पिढ्यांच्या स्मरणात जेथे सापडतो, तेथे अभ्यासाला विषयांची वाण पडणार नाही.

नकाशातील चूक किती महाग पडते, याचा धडाही येथेच मिळाला. मुंबईच्या २०१४ ते २०३४ या काळासाठीच्या विकास आराखड्याचा मसुदा २०१५ च्या प्रारंभी प्रसिद्ध होताच त्यातील चुकांविषयी मोठ्या प्रमाणावर हरकती आल्या. राज्य शासनाने त्याच वर्षी तो नव्याने करण्यास सांगितले. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आणि शासनाची मंजुरी २०१८ मध्ये आली. कागदावरील एक रेघ चुकली, तर प्रत्यक्षात कोणाचे तरी घर रस्त्यात येते. जागेवर जाऊन नोंद पडताळणारी प्रशिक्षित माणसे प्रशासनाला हवी असतात, ती यासाठी.

पदवीनंतरच्या वाटा

पहिली आणि परिचित वाट अध्यापनाची. शाळेसाठी पदवीनंतर बी.एड. व शिक्षक पात्रता परीक्षा, तर महाविद्यालयासाठी पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट ही पात्रता लागते.

दुसरी वाट प्रशासनाची. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत भूगोल हा पाचशे गुणांचा वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो. शिवाय सामान्य अध्ययनातही त्याचा अंतर्भाव आहे. राज्यसेवा परीक्षेच्या तयारीतही भूगोलाचा पाया उपयोगी पडतो.

तिसरी वाट नकाशा व सुदूर संवेदन यांची आहे. कोलकात्याची राष्ट्रीय नकाशा संस्था (नॅटमो) आणि जनगणना कार्यालयाचा नकाशा विभाग येथे भूगोलाच्या पदव्युत्तर पदवीधरांना स्थान असते. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र राज्यातील शासकीय विभागांसाठी उपग्रहाधारित नकाशांचे काम करते. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९७६ पासून साधनसंपत्ती अभियांत्रिकीचे केंद्र या विषयात संशोधन करीत आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र शासनाने नकाशे तयार करण्यावरील अनेक निर्बंध सैल केले आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरण जाहीर केले. त्यामुळे खासगी क्षेत्रातही या कामाला वाव मिळाला आहे.

चौथी वाट लोकसंख्या व सामाजिक संशोधनाची. देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९५६ मध्ये स्थापन झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे मध्यवर्ती काम तिच्याकडे असते आणि तिच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना भूगोलाचे विद्यार्थी जातात. शेजारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आपत्ती व्यवस्थापनाचे शिक्षण मिळते. नगर नियोजनाकडे जाऊ इच्छिणाऱ्या भूगोलाच्या पदव्युत्तर पदवीधरांना देशातील काही नामांकित संस्थांत नियोजनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमास प्रवेश मिळू शकतो.

काही सावधगिरीच्या सूचना

या वाटा सांगताना त्यांवरील अडसरही सांगणे आवश्यक आहे. नाही तर विद्यार्थ्याची वर्षे वाया जातात. भूगोल आणि भूशास्त्र हे भिन्न विषय आहेत. संघ लोकसेवा आयोगाच्या भू-वैज्ञानिक परीक्षेला भूशास्त्र, भूभौतिकी यांसारख्या विषयांची पदवी लागते, भूगोलाची चालत नाही. भूमी अभिलेख विभागातील भूकरमापक पदासाठी स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे सर्वेक्षक प्रमाणपत्र मागितले जाते. हवामानशास्त्रज्ञ होऊ पाहणाऱ्याने भौतिकशास्त्र व गणित सोडता कामा नये. केवळ तीन वर्षांच्या पदवीवर चांगले काम मिळणे अवघड असते. तिला भौगोलिक माहिती प्रणालीचे प्रशिक्षण, सांख्यिकी, संगणकावरील हातखंडा किंवा पदव्युत्तर शिक्षण यांची जोड द्यावी लागते. ज्या विद्यार्थ्याला उन्हातान्हात फिरून मोजमाप घेण्याचा आणि लोकांशी बोलण्याचा कंटाळा आहे, त्याने या विषयाचा पुनर्विचार केलेला बरा.

महानगराकडून गावाकडे

उपनगरांत शिकलेली ही विद्या उपनगरांपुरती राहत नाही. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी दरडीखाली सापडली. डोंगराचा उतार, मातीचा थर, पाण्याच्या वाटा आणि वस्तीचे स्थान यांचा नकाशा आगाऊ तयार असेल, तर धोक्याच्या वाड्यांना वेळीच हलविण्याचा निर्णय घेण्यास आधार मिळतो. गावठाणातील मिळकतींच्या मोजणीसाठी ड्रोनचा प्रयोग पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे झाला आणि २४ एप्रिल २०२० रोजी अशा मोजणीची स्वामित्व योजना देशभरासाठी जाहीर झाली. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा करताना बंधारा कोणत्या नाल्यावर घालावा, विहीर कोठे खणावी आणि टँकर लागणाऱ्या वस्त्या कोणत्या, हे ठरवावयाचे तर गावाचा नकाशा वाचता आला पाहिजे. गावातील भूगोलाच्या पदवीधराला पंचायतीने अशा कामात बोलावून घेतले, तर त्याच्या शिक्षणाचे चीज होईल आणि गावाचे कामही नेटके होईल.

शिक्षकांना यासाठी फार मोठ्या साधनांची आवश्यकता नाही. शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक बसवावा, विद्यार्थ्यांकडून रोजची नोंद ठेवून घ्यावी आणि ती शेजारच्या शाळेच्या नोंदीशी ताडून पाहावी. भारतीय सर्वेक्षण विभागाचा आपल्या परिसराचा स्थलदर्शक नकाशा वर्गात आणून त्यावरील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील पाचशे मीटर, हे प्रत्यक्ष चालून दाखवावे. अशा नोंदींतून आणि पायपिटीतून ज्याला गोडी लागेल, त्याला बारावीनंतर भूगोल घेण्यापासून कोणी परावृत्त करू नये. सांताक्रूझच्या आणि कुलाब्याच्या त्या दोन आकड्यांमधील अंतर समजून घेणारी माणसे महानगरपालिकेला, जिल्हा प्रशासनाला आणि ग्रामपंचायतीला सारखीच हवी आहेत.